डेडस्टॉक

दर मे महिन्यात मुख्याध्यापक म्हणतात,
"वासुदेवभाऊ, डेडस्टॉक लिहून काढा."
म्हणजे प्रयोगशाळेत जे आहे ते मोजायचं,
जे गेलं ते लाल शाईत.
मी परिचर. दहावीला विज्ञानात दोनदा आपटलो
आणि बावीस वर्षं त्याच विषयाच्या काचा धुतोय.

परीक्षानळ्या: होत्या चोवीस, आहेत सतरा.
एक सुगत खोब्रागडेच्या हातून गेली, त्यानं सांगितलं.
चार उंदरांनी पाडल्या.
दोन कुणीच कबूल केल्या नाहीत.

सूक्ष्मदर्शक: एक. पावसाळ्यात भिंगाला बुरशी चढली.
मी फडकं घेऊन निघालो तर निदा शेख आडवी आली,
"पुसू नका ना भाऊ, मले पाहू द्या."
सुईनं तिनं ती खरवडली, काचपट्टीवर घेतली,
भिंग स्वच्छ केलं
आणि त्याच्याच खाली त्याचाच रोग ठेवला.
मलाही बोलावलं. बाभळीचं रान होतं आत,
पांढरं, पानं नसलेलं.

तापमापी: दोन. एक आठवीच्या टिनाखाली टांगलेली.
पोरांनी सकाळी सातला, दुपारी दोनला
आकडा भिंतीवर कोळशानं लिहिला, रविवार सोडून.
भिंत खराब केली म्हणून आधी ओरडा खाल्ला.
मार्चात त्याच भिंतीचा आलेख करून
पोरं ग्रामपंचायतीत जाऊन बसली, उठेचनात.
चुना मिळाला. टिनावर दोन हात मारले.
आत चार अंश उतरले.
चार अंश कोणत्या रकान्यात धरू?

मल्टिमीटर: एक, चालू. दाभणं: दोन, माझ्या घरची.
रेणुका कुळसंगे कापसात दाभणं खुपसायची,
वही भरायची, पुन्हा खुपसायची. दिवाळी गेली, संक्रांत गेली.
ओल वाढली की वीज सोपी जाते, एवढंच मला कळलं.
एक दिवस ती यंत्र घेऊन थेट काट्यावर उभी राहिली.
व्यापारी म्हणाला, ओल चौदा टक्के.
ती म्हणाली, नऊ.
तो हसला. तिनं दुसऱ्या गाठोड्यात खुपसलं, नऊ.
तिसऱ्यात, साडेआठ. मग तो हसला नाही.
भाव मात्र चौदाचाच दिला.

तालुक्याच्या प्रदर्शनात तिचा दुसरा नंबर.
पहिला खाण्याच्या सोड्याच्या ज्वालामुखीला.
परतताना ती जीपमध्ये धुसफुसत होती,
"आपल्या इकडं कुठं हाय जी ज्वालामुखी?"
पडोळे बाईंनी खिडकीबाहेर बोट केलं.
रस्त्याकडेला फोडलेला काळा दगड, ढिगावर ढीग,
सगळा त्याचाच, म्हणाल्या, सहा कोटी वर्षं झाली.
घाटंजीच्या फाट्यापर्यंत मग कुणी बोललं नाही.

सतरा नंबरचा फॉर्म: एक, कोरा.
बाईंनी माझ्यासाठी आणला. ड्रॉवरमध्ये आहे.
तो शाळेचा नाही, म्हणून इथे मांडत नाही.

बावीस मे. शाळेला सुटी, तरी अकरा पोरं आली.
मैदानात सब्बल उभी रोवली, ओळंबा लावून.
बाई म्हणाल्या, सव्वाबाराला बघा.
ऊन असं की पायाखालची माती बोलत होती.
सब्बलीची सावली आखडली, बोटाएवढी, नखाएवढी,
मग नाही.
सुगत स्वतःभोवती गोल फिरून आला,
निदानं चप्पल उचलून खाली पाहिलं.
मीही पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदा
माझं माझ्यामागे काही नव्हतं.

संध्याकाळी शेवटची ओळ लिहिली:
सावली. होती एक, शिल्लक शून्य.
शेरा: थोड्या वेळाने परत मिळाली.

मुख्याध्यापकांनी वाचलं नाही.
सही केली.