धडा

फॉर्ममध्ये लाल चांदणीचा एक चौकोन होता :
शिक्षणात खंड असल्यास कारण द्या. कमाल पन्नास अक्षरे.
मी लिहिलं, घरगुती अडचण.
पुसलं.
लिहिलं, प्रकृती. तेही पुसलं.
प्रकृतीला काय धाड भरली होती? चांगली अठ्ठावन्न किलो होती.

खरं कारण एम-थ्री.
चार वेळा बसलो, चारही वेळा तिनं
उंबऱ्यावरूनच परत लावलं.
पाचव्यांदा सुटलो तेव्हा बरोबरीची पोरं
ऐरोलीच्या काचेच्या इमारतींखाली, गळ्यात पट्टे घालून
जेवणानंतरच्या फेऱ्या मारायला लागली होती,
आणि माझी सगळी बेरीज त्रेपन्न टक्के.
जिथे जावं तिथे साठाची अट.
कोपरखैरण्याच्या घरात बाबा पेपर मोठ्यानं वाचायचे,
म्हणजे कुणी कुणाला काही विचारायला नको.

मग तुर्भ्याचा वजनकाटा.
वेलजीशेठचा, बटाट्याच्या गाळ्यांमागं, रात्रपाळी.
ट्रक भरलेला येतो, काट्यावर चढतो, आकडा.
रिकामा होऊन परत चढतो, आकडा.
दुसरा पहिल्यातून वजा. उरेल तो माल.
यात कुणी नापास होत नाही,
असं वाटलं पहिले दोन दिवस.

तिसऱ्या रात्री आग्र्याचा ड्रायव्हर पावती नाचवत आला,
नव्वद किलो कमी.
शोधता शोधता पहाट. मधल्या वेळात क्लीनरनं
पंक्चर काढलेली स्टेपनी आणून चढवली होती.
पुढच्या आठवड्यात वीज गेली, तिच्याबरोबर पहिला आकडाही गेला.
ट्रक रिकामा. तो भरलेला होता
याला साक्षीदार फक्त बटाटे.

तेव्हा एंटरची कळ निघालेल्या लॅपटॉपवर
मी एक प्रोग्राम लिहायला घेतला.
दोन ते चार ट्रक येत नाहीत.
आकडा आला की आधी लिहून ठेव, मग दाखव.
स्टेपनी विचार. ड्रायव्हर खाली उतरला का, विचार.
अडीच वर्षं विचारत राहिला तो.
नौशाद चहा आणायचा, म्हणायचा,
इंजिनियर, तुझ्या मशीनला माझा भरोसा नाही.
म्हटलं, माझा तरी कुठाय.

रिकाम्या भांड्याच्या वजनाला काट्यावर धडा म्हणतात.
वेलजीशेठ ओरडायचा, पहिला धडा कर,
मग आत काय आहे ते बोल.

महापे. दुसरा मजला, खाली छपाईच्या शाईचा कारखाना,
जिनाभर वास. अकरा माणसांची कंपनी.
कस्तुरे मॅडमनी मार्कलिस्ट पाहिली, उलटी करून पाहिली,
जणू मागच्या बाजूला आणखी काही छापलं असेल.
मग विचारलं, दोन नोंदींच्या मध्ये वीज गेली तर?
मी म्हणालो, बटाटे.
काय?
मग सगळं सांगितलं, स्टेपनीसकट.
पन्नास अक्षरं कधीच मागे पडली होती.
त्यांनी मध्ये एकदाच थांबवलं, स्टेपनी केवढ्याची असते विचारायला.

सोमवारपासून या, म्हणाल्या.
शेठपेक्षा चार हजार जास्त, सहा महिने कच्चा.
(पहिल्याच आठवड्यात मी एक चालती गोष्ट बंद पाडली, ते वेगळं.)
बाबांनी पेपर खाली ठेवला,
सहा महिन्यांनंतर काय, विचारलं,
आणि उत्तराआधीच पुन्हा उचलला.

रविवारी रात्री नौशादला किल्ल्या द्यायला गेलो.
रांगेत ट्रक नव्हता. म्हणाला, चढ एकदा.
हा काटा सुटे किलो धरत नाही,
जवळचा दहा पकडतो आणि मोकळा होतो.
चौदा चाकांची सवय झालेल्या त्या लोखंडी पाटावर
मी मधोमध उभा राहिलो, चपला घालून.
लाल आकडा थरथरला, थांबला :
साठ.

नौशादनं पावती फाडून दिली.
वाहन क्रमांक कोरा.
माल : बटाटा.
दुसरे वजन : बाकी.