सावलीत फोडायचा दगड

टर्लिंग्वाच्या बंद खाणीखाली, टाकलेल्या दगडांच्या ढिगावर
एउसेबिओ लुहान गुडघे टेकतो,
उन्हाकडे पाठ करून.

"लाल दिसला की सोड.
हिंगूळ आहे तो, गावभर पडलाय.
माझ्या बापाने टनांनी भाजला."

मी लाल सोडते.
पांढरा, मेणचट, सुईने सहज कापला जाणारा
रसकापूर असावा; तो पिशवीत, रात्रीसाठी.
आपल्याला हवा तो पिवळा.
मोहरीहून बारीक,
कॅल्साइटच्या भेगेत अंग चोरून बसलेला.

तो हॅट काढतो, दगडावर धरतो.
टकलावर ऊन, दगडावर सावली.
छिन्नीचा एकच ठोका.

"पिवळा?"
"पिवळा."
"लिंबू, का गंधक?"
भिंगातून मला फरक कळत नाही.
लिंबू म्हणते, कारण भूक लागली आहे.

इथे पिवळे दोन.
अंधारात एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं इतके सारखे.
उन्हात एक हिरवट पडतो, एक काळवंडतो.
म्हणजे नाव हवं तर ऊन द्यायचं,
आणि ऊन दिलं की तो पिवळा गेला.

एउसेबिओ सुईने कण दुभागतो.
श्वाससुद्धा बाजूला सोडतो.
अर्धा फिल्मच्या काळ्या डबीत, झाकण घट्ट.
अर्धा सपाट दगडावर, उघडा.

मग नुसतं बसणं.
गार झालेला बुरिटो, गरम झालेलं पाणी.
ओकोतियोच्या काट्यांत वारा अडकतो, सुटतो.
बापाबद्दल तो न विचारता सांगतो:
भट्टीवर अकरा वर्षं.
आई कॉफीचा कप अर्धाच भरायची,
हात थरथरून सांडू नये म्हणून.
दात एकेक करून तंबाखूच्या डबीत जमले,
चौतिसाव्या वर्षी डबी भरली.
"पारा चढलेला मी त्याचा कधी पाहिला नाही.
बहुतेक सगळा आतच राहिला."
यावर हसायचं का, मला कळत नाही.
तो हसतो.

चारच्या सुमारास पुन्हा भिंग.
शेवाळी.
दोनदा बघते. शेवाळीच.

कानामागची पेन्सिल काढून
तो चिठ्ठीवर लिहितो: टर्लिंग्वाइट.
पुढे प्रश्नचिन्ह.
"ते कशाला?"
"डोळा तुझा, अंदाज माझा.
यंत्र अजून बोललेलं नाही."

अंधार पडल्यावर ट्रकच्या फळीवर
जांभळा दिवा धरला, तसे पांढरे तुकडे
निखाऱ्यासारखे लाल झाले.
रसकापूरच.
त्याने पाहिले आणि दिवा बंद केला, बॅटरी जुनी आहे.

काळी डबी त्याने माझ्या हातात दिली.
माझा हा इथला तिसराच शनिवार.
"उघडू?"
"तू पाहिलास की."

घरी जाताना डबी कानाशी हलवून बघते.
वाजण्याइतका तो मोठाच नाही.