आरी लागल्यावर

सुभाषनगरात लाईट नव्हती त्या तासाला
आरी आक्काच्या आंगठ्यात गेली.
रक्त थोडंच. तिनं चोखलं, पदराला पुसलं,
आणि कापशीच्या कानात वादी ओवत राहिली.

सकाळी आंगठा टरटरला,
लाल, गरम, आतून ठोके देणारा.
"इख चढलं," तानूमावशी दारातूनच म्हणाली.

मी लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्या बघते.
इख न्हवं, म्हटलं, माणसं आल्यात मदतीला.
पांढऱ्या पेशी. शिरेची भिंत आतून धरत धरत येतात,
चाल मंदावते, थबकतात,
दोन टाक्यांमधली ढिली जागा चाचपतात.
आधी एक बोट घालतात,
मग पोट आवळून अख्खं अंग
पलीकडच्या मांसात.
मागोमाग पाणीही झिरपतं, म्हणून ही सूज.

आक्कानं ऐकलं.
वादीचं टोक थुंकीनं ओलं केलं, पिळलं,
आणि भोकाहून रुंद ती वादी
भोकातून ओढून काढली.

"अशी?"
"अशीच."
"मग माघारी कशी जात्यात?"

बहुतेक जात नाहीत. तिथंच मरतात,
त्यालाच आपण पू म्हणतो.

आंगठ्यावरची हळद वाळून तडकली होती.
मी म्हटलं, बघू दे जरा.
तिनं दुसरी वादी उचलली.