पपईचा देठ

गावात म्हणतात, मुखरूच्या अंगावरून वारं गेलं.
साकोलीच्या कागदावर लिहिलं, अर्धांगवायू.
दोन्हीकडे वाराच.
मग घरात उरलं ते काय,
हे मला कोणी विचारलं नाही.

दर गुरुवारी ती व्यायामवाली पोरगी स्कूटीवरून येते,
बुटांना आपल्याच तळ्याचा चिखल.
म्हणते, काका, नाकानं घ्या, पोटात भरा,
ओठ शिटी मारल्यावानी करा, आणि सोडा.
हळू. सोडा.
तुम्ही घेता.
सोडत नाही.
तिला वाटते, तुम्हाला समजत नाही.
तिला काय ठाऊक,
ह्या माणसानं चाळीस वर्षं दम धरायचंच काम केलं.

शिंगाड्याच्या वेलाखाली उतरायचं,
बुडालेल्या बाभळीच्या खुंटात गुंतलेलं जाळं
हातानं चाचपून सोडवायचं.
आणि मी पाळीवर, मांडीवर पोरगं, बुडबुडे पाहात.
बुडबुडा आला म्हणजे माणूस आहे.
नाही आला तर मोजायची.
मला कोडीपर्यंतच येते,
वीस झाले की परत एक.
एकदा दोन कोड्या आणि सात झाले.
पोरगं खाली ठेवलं, लुगडं खोचलं,
तं तुम्ही पार तिकडे
कमळाच्या पानांतून डोकं काढून हसत होते,
हातात मरळ.
तीन दिवस बोलली नाही मी तुमच्याशी.

आता बाटलीभर पाणी आणि एक नळी.
फुंका, काका, बुडबुडे काढा.
मंगळवारी नळी उंदरानं कुरतडली.
नातवानं परसातलं पपईचं पान तोडलं,
देठ दोन्हीकडून कापला,
चीक पुसला माझ्याच पदराला.
"आबा, हे घे."

उजवीकडून ओठ मिटत नाही,
तिथून हवा निसटते, लाळ येते.
मी दोन बोटांनी दाबून धरते.
लग्नातही एवढ्या जवळून
तोंड पाहिलं नव्हतं तुमचं.
मिशीखाली वण आहे, गळ लागल्याचा.
कधी लागला, सांगितलं नाही.

घ्या.
छाती भरली, मान ताठ, डावा डोळा माझ्यावर.
आत तोच जुना हट्ट,
धरून ठेव, डोक्यावर अजून लय पाणी आहे.
म्हटलं, अवो, वर आले तुम्ही.
कधीचेच वर आले.
सोडा ना आता.

बाटलीत काही नाही.
बकरी खोकली.
रस्त्यानं कोणाची तरी मोटारसायकल गेली.

मग एक.
ज्वारीच्या दाण्याएवढा.
देठाच्या टोकाला थोडा वेळ अडकून बसला,
मग सुटला.

नातू ओरडत अंगणात पळाला, साऱ्यांना सांगायला.
मी जागची हलली नाही.
लुगडं खोचलेलंच होतं,
आणि मी मोजत होती.

बाराला दुसरा आला.