कसर

वखारभागात, हळदीच्या पेढीवरच्या खोलीत
मी दशांशचिन्हं काढून टाकते आहे.

चिप स्वस्तातली, तिला अपूर्णांक येत नाही.
शून्य पूर्णांक सात शून्य सात एक पुढ्यात ठेवलं
की दहा जणांना विचारून येते,
तोवर पुढचा शब्द दाराशी ताटकळतो.
आणि ताटकळून चालायचं नाही:
पेटी हरिपुरात खांबावर बसायची आहे,
कृष्णा चढली की बोलायचं आहे तिनं.

म्हणून आधीच सोळानं गुणून ठेवते,
शेपूट छाटते, उरतात अकरा.
गुणाकार झाला की चार घरं उजवीकडे.
(खरं तर सोळा नव्हे, बत्तीस हजार सातशे अडुसष्ट.
पण अण्णांना सांगताना सोळा.)

बाबगोंडा अण्णा, खालच्या पेढीचे जुने दिवाणजी,
पावकी-निमकी अजून तोंडपाठ,
चष्मा कपाळावर सारून म्हणाले,
"ह्यात नवं काय? अकरा आणे की.
आमचा रुपया कधी फुटत नव्हता. मोडायचा."

रात्री तलाठी बाईंचा आवाज लख्ख आला:
आयर्विन पुलाजवळ पाणी एकोणचाळीस फूट सात इंच.
मग शांतता.
पण स्पीकर झोपेना,
बारीक फुसफुसत बॅटरी खात राहिला.
पहाटेपर्यंत पेटी मुकी झाली असती,
नेमकी पाणी चढायच्या वेळी.

आकडे उघडले. उणे एक.
चार घरं सरकवलं, उणे एक.
पुन्हा सरकवलं. उणे एक,
शून्याच्या उंबऱ्यावर
हटून बसलेल्या देणेकऱ्यासारखं.

"आठ आणे घाल की आधी," अण्णा म्हणाले,
"मग सरकव.
निम्म्याच्या वर असंल तर रुपया धरायचा,
खाली असंल तर सोडायचा."

उणे एक, अधिक आठ: सात.
सातात सोळा बसत नाहीत.
शून्य.

फूट. सात. इंच. खट्.
त्या शून्यातून खाली
तराजूची साखळी हलल्याचं ऐकू आलं.

"आणि सोडलेलं कुठं जातं, अण्णा?"
"कसर खात्यात. सुटत नसतं काही.
दिवाळीला एकदा मोजायचं."

माझ्याकडे तसलं खातं नाही.
पण नीट कान दिला, तर बाईंच्या 'सात'मधला स
थोडा हळदीच्या पोत्यासारखा घासतो.
तिथं आहे सगळं, जमा.