रकाना

कंपूच्या दवाखान्यात संगणक आला
आणि माझी जाड वही, समासातल्या शेऱ्यांसकट,
कपाटात गेली.

शितोळेकाकू म्हणतात,
"जेवायला बसते गं,
पण ताटच परकं वाटतं."

यादीत शोधते:
भूक, झोप, उदासी.
सौम्य, मध्यम, तीव्र.
परकं ताट नाही.
लाल चौकोन भरल्याशिवाय
पुढचं पान उघडत नाही.
"भूक कमी"वर क्लिक करते.

काकू पडद्याची पाठ बघत बसलेल्या.
"माझंच लिहितेस ना?
मग त्याचं तोंड तुझ्याकडे का?"

वळवते.
चष्मा पदराला पुसून
त्या वाचतात, ओळीवर बोट ठेवत,
पहिल्याच रकान्याशी थांबतात.

"वय चुकलंय.
एकोणसाठ नव्हे, एकसष्ट.
ती दोन वर्षंच तर
सांगायला आलेय."