पाचच्या फेरीआधी

पिठाच्या रिकाम्या पिशवीच्या पाठीवर
एव्हारिस्तो वेळा लिहितो.
सातला मिंडेलोच्या धक्क्यावरून फेरी.
आठला पोर्तो नोवो. उलट्या धरून सव्वाआठ.
उलट्या माझ्या. त्याला बोट लागत नाही,
डोंगर लागतो.

नातालियोची व्हॅन भरली की सुटते,
म्हणजे कधी, ते नातालियोलाही ठाऊक नसतं.
नऊ धर, मी म्हणते.
तो साडेआठ लिहितो, भोवती गोल काढतो,
मग गोलाच्या बाहेर बारीक अक्षरात: नऊ.

रस्ता संपतो तिथे पाण्याची टाकी आहे.
पुढे खेचरांची दगडी वाट,
एकाहत्तर वळणं. लहानपणी मोजली होती,
दर खेपेला आकडा वेगळा आला होता.
चढायला दोन तास.
"तुला अडीच," तो म्हणतो.
गुडघ्यांचं नाव काढत नाही, तेवढं त्याचं चांगलं.

म्हणजे बारा-सव्वाबाराला शान दि नेवा.
अकरा घरं, त्यातली चार बंद,
धुकं असलं तर उरलेलीही नाहीत.

मार्कुलिना आत्या सही करेल.
उसाचे तीन टप्पे, वरचा पाण्याचा हौद,
आणि लिस्बनच्या चुलतभावाचं त्यावर आलेलं पत्र,
सगळं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं, शिक्क्यासकट.
सहीला किती वेळ?
एव्हारिस्तो पेन हवेत फिरवून बघतो.
तिला अक्षरं बाबांनी शिकवली, दगडावर, कोळशाने.
अजून ती नाव लिहीत नाही, काढते.
दोन मिनिटं.

साडेबाराला उतरायचं. दीड तास.
अडीचची व्हॅन, चारला धक्का,
पाचची फेरी, सहाला घर.
"जुळलं," तो म्हणतो आणि पेनाला टोपण लावतो.

मी पिशवी माझ्याकडे ओढून पुन्हा वाचते.
यात जेवण कुठे आहे?

कारण आत्या आधीपासून काही शिजवत नाही.
मध्ये समुद्र आहे, म्हणते,
कोण निघालं आणि कोण पोचलं यात फरक असतो.
माणूस शेवटच्या वळणावर दिसलं
की मग चूल.
मका, वाल, रताळं, असलाच तर डुकराचा तुकडा,
चार तास, मंद.
त्या चार तासांत ती एकेकाची चौकशी करते,
मेलेल्यांचीही, वयानुसार.
बाबांपाशी आली की उठून लाकूड पुढे सारते.
पान वाढल्याशिवाय ती पेन हातात धरणार नाही.

"थोडं खाऊ. उभ्या उभ्या."
"तिच्या दारातून? आल्या पावली परत?"
तो गप्प.

खिडकीतून डोंगर दिसतो, मधल्या पाण्यापलीकडे, रोजचाच.
दुरून साजरे असतील दुसऱ्यांचे डोंगर.
आमचा नुसता बघत असतो इकडे,
आम्ही कपडे वाळत घालताना, भाड्यावरून भांडताना,
सहा वर्षं.
बाबांना पुरलं तेव्हाही दिसत होता.
ती खाली आली नाही. आम्ही वर गेलो नाही.

एव्हारिस्तो टोपण पुन्हा काढतो.
व्हॅन अलीकडे सरकवतो. उतार पळत घेतो.
माझ्या गुडघ्यांतून अर्धा तास काढतो.
मक्याला तो पुरत नाही.
"बघू," म्हणतो, आणि बादली भरायला निघून जातो.

रात्री मी सामान भरते.
कागद. नव्या काचांचा तिचा चष्मा.
ट्यूनाचे सहा डबे, साखर,
उपयोग नसलेली पण तिने मागितलेली टॉर्च.
तळाशी जागा करायला हात घालते
तर लोकरीचा स्वेटर लागतो, त्याचा,
आधीच घडी घालून ठेवलेला.
त्याच्या खाली माझा.

मिंडेलोत स्वेटर कुणी घालत नाही.
वर, धुक्यात, रात्री लागतो.

मी त्यावर डबे रचते.
"परतीचं पाचचंच काढू ना तिकीट?" तो पलीकडच्या खोलीतून विचारतो.
"हो," मी म्हणते. "पाचचंच."